चोरी ओळखीची, भुर्दंड कोणाला?

घरातील दागिना चोरीस गेला तर तोटा घरमालकाचा आणि बँकेच्या तिजोरीवर दरोडा पडला तर तोटा बँकेचा, हा व्यवहारातील जुना न्याय आहे. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मात्र हा न्याय अडखळतो. येथे चोर धारकाचे घर फोडत नाही. तो धारकाचे नाव व कार्डाचा क्रमांक घेऊन धारक म्हणूनच बँकेपुढे उभा राहतो. फसते ती बँक; पैसा जातो तोही बँकेचाच. बिल मात्र ज्याने काहीच खरेदी केलेले नाही, त्याच्या नावे निघते.

2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे 94 कोटी रुपये लांबविले. बनावट कार्डांनी 28 देशांतील एटीएममधून रकमा काढल्या गेल्या. तो तोटा बँकेचा, याविषयी कोणालाही शंका आली नाही. मग एकाच कार्डाच्या आधारे बँक फसली, तर संशयाचे बोट प्रथम ग्राहकाकडे का वळावे?

अमेरिकेत 1970 च्या दशकातच कायद्याने अशा प्रसंगी धारकाची जबाबदारी 50 डॉलरपर्यंत मर्यादित केली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी परिपत्रक काढले. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चूक दोघांचीही नसेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली तरीही नाही. तक्रार चार ते सात दिवसांत आली, तर पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डासाठी दर व्यवहारामागे कमाल 10,000 रुपये. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर. मात्र ग्राहकाने निष्काळजीपणे गुप्त संकेत दुसऱ्याला सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचा सारा तोटा त्याचा.

खरी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. कार्डाचा क्रमांक आणि जन्मतारीख आधीच ठाऊक असलेला भामटा बँकेच्या नावाने बोलतो आणि ओटीपी काढून घेतो, तेव्हा त्याला निष्काळजीपणा म्हणावे की फसवणूक? ही माहिती त्याच्या हाती कोठून गेली, याचा शोध ग्राहक कसा घेणार? 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या खात्यातून गेलेले 76 लाखांहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश याच परिपत्रकाच्या आधारे बँकेला दिला. पण न्यायालयाचा दरवाजा ठोठावण्याचे बळ किती जणांजवळ असते?

सारा भार बँकेवर टाकला तर ग्राहक बेफिकीर होतील, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. त्यावर उपाय म्हणजे ग्राहकाचा मर्यादित वाटा. संपूर्ण तोटा नव्हे. अर्थशास्त्राचा साधा दंडक असा की, जो कमी खर्चात धोका टाळू शकतो त्याच्यावरच तो सोपवावा. संशयास्पद व्यवहार क्षणात थोपविणारी यंत्रणा बँक उभारू शकते. उरलेला तोटा ती लाखो कार्डांवर विभागू शकते. मुकुटबनच्या शिक्षकाला वा तेथील सिमेंट कारखान्यातील कारकुनाला यातले काहीच शक्य नाही. त्याचा एका महिन्याचा पगार बुडाला, की घरखर्चाचे गणितच कोसळते.

तीन दिवसांची मुदतही मुंबईत आणि मुकुटबनात सारखी नसते. इंग्रजी संदेशाचा अर्थ उलगडायचा, तक्रारीचा फोन लागायचा आणि शाखेने 'कार्डाचा विभाग वेगळा' म्हणून परत पाठवायचे, यात मुदत सरते. म्हणून कोणत्याही शाखेने तक्रार घेऊन तत्काळ पोच द्यावी. सूचना मराठीत यावी. निकाल लागेपर्यंत वादातील रकमेवर व्याज चढू नये व धारकाची थकबाकीदार म्हणून नोंद होऊ नये. ओटीपी सांगितला एवढ्याच कारणाने संपूर्ण तोटा ग्राहकाच्या माथी न मारता त्यालाही कमाल मर्यादा असावी.

कार्डे वाटण्याचा उत्साह बँकांचा आणि त्यांवरील शुल्क व व्याजही बँकांचे. तेव्हा जोखीमही मुख्यतः त्यांनीच उचलली पाहिजे. तोटा स्वतःच्या खिशातून जाऊ लागला, की कुलपे आपोआप मजबूत होतात.