चादरीचे पुठ्ठे रद्दीत जाण्याआधी



सोलापूरचा वारसा डिजिटल करायचा म्हटले की सिद्धेश्वराचे देऊळ आणि भुईकोट किल्ला यांचे ड्रोनने केलेले चित्रण आठवते. ते जरूर व्हावे. पण देऊळ आणि किल्ला उद्याही जागेवर असतील. जेकार्ड चादरीच्या नक्षीचे तसे नाही.

मी चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढण्याचे काम करत असे. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून नक्षी उतरवायची, त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोके पाडायची आणि ते ओळीने ओवून मागावर चढवायचे. एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. भोक असेल तिथला हूक उभे धागे उचलतो, नसेल तिथला खालीच राहतो. फ्रान्सच्या जाकार्डने १८०४ च्या सुमारास बसवलेली ही युक्ती. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणा. संगणकही दोनच खुणांवर चालतो. त्यामुळे आमची नक्षी संगणकात नेणे अवघड नाही.

गेल्या महिन्यात एका बंद शेडमधल्या पुठ्ठ्यांच्या माळा रद्दीच्या टेम्पोत पडताना पाहिल्या. एक उचलायला गेलो तर कुजलेली दोरी तुटली आणि पुठ्ठे रस्त्यावर पसरले. त्यांवरचे आकडे पुसले होते. क्रम गेला की पुठ्ठे असूनही नक्षी हरवते. चादर पाहून ती पुन्हा उतरवता येते, पण तेवढी जुनी चादर कुणाच्या तरी ट्रंकेत उरलेली हवी.

‘नक्षी इंटरनेटवर टाकली तर बाहेरचे नक्कल करतील,’ असे अनेक कारखानदार म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. पण नक्कल आजही होते, बाजारातून एक चादर विकत घेतली की झाले. सोलापुरी चादरीला मिळालेले भौगोलिक मानांकन नावाला संरक्षण देते. अमुक नक्षी आधी इथे विणली गेली, हे सिद्ध करायला तारीखवार नोंद लागते. अशी नोंद करताना नक्षीचे चित्र आणि माहिती सर्वांसाठी खुली ठेवावी, पुठ्ठ्यांची पूर्ण फाइल मालकाच्या परवानगीनेच मिळावी.

राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ मराठी ग्रंथ स्कॅन करून सर्वांना वाचायला खुले केले आहेत. पुठ्ठ्यांसाठी असेच काम आपले विद्यापीठ, महापालिका आणि यंत्रमागधारकांनी मिळून हाती घ्यावे. विद्यार्थ्यांनी शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांकडे जाऊन पुठ्ठ्यांचे क्रमवार फोटो घ्यावेत, ग्राफ स्कॅन करावेत आणि म्हाताऱ्या विणकरांचे बोलणे, तेलुगूत असो वा मराठीत, ध्वनिमुद्रित करावे. कोणती गाठ कुठे मारायची, हे पुठ्ठ्यावर लिहिलेले नसते.

माझ्याकडे दोन पिशव्या भरून ग्राफ आहेत. कोणी स्कॅनर मांडून बसणार असेल, तर पहिल्याच दिवशी ते घेऊन येईन.

— एक निवृत्त ग्राफ-कारागीर, सात रस्ता, सोलापूर