उदाहरण अडलं? आधी तीन प्रश्न!

मैत्रिणींनो, दहावीला मराठी माध्यमातून उत्तम गुण मिळवणारी मुलगी अकरावी सायन्सला जाते आणि दोन महिन्यांत 'मला हे जमणार नाही' म्हणू लागते. पुष्कळदा गाडी अडते ती भाषेपाशी. नववीत शिकलेलं 'त्वरण' म्हणजेच हे 'ॲक्सिलरेशन', हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा आधी दोन्ही शब्दांची एक छोटी वही तिला करायला लावा.

उदाहरण अडलं की तीन प्रश्न विचारा. काय दिलंय? काय काढायचंय? एककं जुळतात का? त्यासाठी आपल्याला फिजिक्स यायलाच हवं असं नाही.

कॅल्क्युलसची भीती तर लोकलमध्येच जाईल. ठाणे ते कल्याण सुमारे २० किलोमीटर. समजा, अर्धा तास लागला, तर सरासरी वेग ताशी ४०. पण डोंबिवलीला गाडी उभी असते तेव्हा वेग शून्य, आणि मध्ये कुठेतरी ४०हून जास्त! नेमक्या एका क्षणाचा वेग हवा, तर वेळेचा तुकडा लहान लहान करत जायचं आणि तेवढ्यात कापलेलं अंतर बघायचं. डेरिव्हेटिव्हचं मूळ हेच, बरं का!

उत्तर मात्र आपण सांगू नये, गाइडमधूनही उतरवू देऊ नये. पंधरा मिनिटं झटूनही सुटलं नाही, तर अडलेल्या पायरीवर खूण करून सरांना तेवढंच विचारू दे. नेमकं विचारता आलं, की अर्धं उदाहरण सुटलंच समजा.