दोन इंच फोम आणि जालन्याची खुर्ची

30 डिसेंबर 2023 रोजी अयोध्येच्या रेल्वे स्थानकातून पंतप्रधानांनी एकाच वेळी आठ गाड्यांना हिरवा झेंडा दाखविला. त्यांपैकी सहा गाड्या वंदे भारत होत्या. उरलेल्या दोन गाड्यांना ‘अमृत भारत’ असे नाव देण्यात आले होते. जालन्याच्या वाट्याला त्या दिवशी मुंबईला जाणारी वंदे भारत आली. तत्कालीन खासदार रावसाहेब दानवे हे तेव्हा रेल्वे राज्यमंत्री होते, हा योगायोग जालनेकरांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. मराठवाड्याला रेल्वेच्या बाबतीत आजवर जे काही मिळाले ते मागून, भांडून आणि पुष्कळदा उशिरा मिळाले. तेव्हा मंत्र्याच्या गावाला एक चांगली गाडी मिळाली म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो वेगळ्याच गोष्टीचा.

या गाडीत आठ डबे होते आणि 530 आसने. सात डब्यांत साध्या वातानुकूलित खुर्च्या, एका बाजूस तीन आणि दुसऱ्या बाजूस दोन अशा. आठवा डबा ‘एक्झिक्युटिव्ह’ वर्गाचा. तेथे दोन्ही बाजूंस दोनदोनच खुर्च्या आणि एकूण 52 आसने, पण भाडे मात्र साध्या खुर्चीच्या दुपटीच्या घरात. या 52 खुर्च्यांची मोठी थोरवी म्हणजे त्या स्वतःभोवती फिरविता येतात. गाडी ज्या दिशेने धावेल त्या दिशेस प्रवाशाला तोंड करता येते. साध्या खुर्चीत बसलेला माणूस गाडी उलटी धावू लागली तर उलटाच बसून मुंबई गाठतो. वेळ दोघांनाही तितकाच लागतो.

याच मार्गावर जनशताब्दी गाडीही धावते. जनशताब्दी गाड्यांची योजना 2002 सालची. शताब्दी गाडीचा वेग सामान्य माणसाला परवडेल अशा भाड्यात देण्याची ती कल्पना होती व ती चांगलीच होती. तिच्या द्वितीय वर्गाच्या जुन्या धर्तीच्या डब्यात 108 माणसे बसतात; वंदे भारतच्या मधल्या डब्यात 78. लांबी जवळपास तेवढीच असलेल्या डब्यात तीस माणसे अधिक बसवावयाची म्हणजे गुडघ्याला गुडघा लागणार आणि पाठ सरळ ताठ ठेवावी लागणार. तथापि येथे प्रत्येकाच्या नावावर एक जागा तरी असते. 2024 पासून ही गाडी हिंगोलीहून निघते. हिंगोलीकरांचा हक्क जालनेकराइतकाच आहे. डब्यांची संख्या पुरेशी वाढविल्याशिवाय गाडीचा पल्ला वाढविला की एका मागास जिल्ह्याच्या तोंडचा घास दुसऱ्या मागास जिल्ह्याच्या ताटात पडतो, आणि मग दोघे परस्परांशी भांडत राहतात.

तिसरा प्रवास आहे मराठवाडा एक्स्प्रेसच्या, किंवा कोणत्याही लांब पल्ल्याच्या गाडीच्या अनारक्षित डब्यातला. जुन्या डब्यावर 90 आसनांचा आकडा रंगविलेला असतो आणि आत किती माणसे आहेत हे तिकीट तपासनीसालाही सांगता येत नाही, कारण तो आत शिरू शकत नाही. परतूरहून छत्रपती संभाजीनगरला बाजारासाठी, न्यायालयाच्या तारखेसाठी वा घाटीच्या दवाखान्यात जाणारा माणूस याच डब्यात असतो. जालन्याहून साठेक किलोमीटरवरच्या नोकरीला रोज जाणारा मासिक पासधारकही येथेच असतो, कारण त्याचा पास वंदे भारतमध्ये चालत नाही. बदनापूर आणि परतूर या जिल्ह्यातील स्थानकांवर वंदे भारत थांबतही नाही. मार्ग प्रामुख्याने एकेरी असल्याने मानाची गाडी यावयाची झाली की दुसऱ्या गाडीला एखाद्या लहान स्थानकात बाजूला उभे राहावे लागते. अशा वेळी फिरत्या खुर्चीतल्या प्रवाशाची वाचलेली मिनिटे उभ्याने प्रवास करणाऱ्याच्या खात्यातून वजा होतात. रेल्वेच्या जमाखर्चात या देवघेवीची नोंद कोठेही सापडावयाची नाही.

समाजवाद्यांना या प्रश्नाचा एक जुना अनुभव आहे. रेल्वेतील तिसरा वर्ग 1974 साली रद्द झाला, म्हणजे त्याला दुसरा वर्ग म्हणावयाचे ठरले. बाक मात्र लाकडाचेच राहिले. 1917 साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या हालांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. जवळपास सहा दशकांनी त्या हालांवरची पाटी तेवढी बदलली. 1977 साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. मे 1974 च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले. त्यानंतर त्यांनी द्वितीय वर्गाच्या शयनबाकांवर दोन इंच जाडीचा फोम बसविण्याचा निर्णय घेतला. 26 डिसेंबर 1977 रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली ती वर्गविहीन गाडी म्हणून. प्रथम वर्गाच्या गाद्या काढून घेण्याचा उपद्व्याप दंडवत्यांनी केला नाही. खालच्यांचे बाक वर आणण्याचा त्यांचा मार्ग होता. त्यांचे मंत्रिपद 1979 मध्ये गेले, परंतु तो फोम पुढच्या कोणत्याही सरकारला काढता आला नाही. आज देशात द्वितीय वर्गाच्या शयनयानात लाकडी फळीवर कोणी झोपत नाही, आणि हे कोणाच्या निर्णयामुळे घडले हे तेथे झोपणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे.

दंडवत्यांच्या त्या दोन इंचांसमोर आजची खुर्ची ठेवून पाहावी. सुधारणा ही वरच्या टोकाला सुरू झाली तर ती तेथेच थांबते; एका खुर्चीला फिरविण्याचे यंत्र बसते, पुढच्या वर्षी तिला आणखी काहीतरी बसते. खालच्या टोकाला सुरू झालेली सुधारणा कोट्यवधींच्या पाठीला लागते. अयोध्येहून त्याच दिवशी सुटलेल्या त्या दोन अमृत भारत गाड्या म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. त्या विनावातानुकूलित आहेत. त्यांत शयनयान व अनारक्षित डबेच आहेत, आणि त्यांची आसने बऱ्यापैकी गादीची आहेत. म्हणजे सामान्यांची गाडी सुधारण्याचे तंत्र रेल्वेपाशी आहे आणि इच्छा झाली तर ती ते वापरते. 2024 मध्ये रेल्वेने विनावातानुकूलित डबे मोठ्या संख्येने बांधण्याची घोषणा केली, तीही काही आपण होऊन सुचलेली नव्हे. खच्चून भरलेल्या डब्यांची दृश्ये देशभर पाहिली गेली, त्यानंतरची ती आहे.

यावर रेल्वेचे उत्तर तयार असते आणि ते तिकिटावरच छापलेले असते. प्रवासखर्चाच्या सरासरी 57 टक्केच रक्कम भाड्यातून वसूल होते, उरलेला भार रेल्वे सोसते, असे ते वाक्य. गरीब प्रवाशाला ओशाळे करणारे हे वाक्य सरासरीच्या आधाराने उभे आहे. हा भार मुख्यतः मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून निघतो. म्हणजे धान्य, खत, सिमेंट आणि कोळसा विकत घेणारी सामान्य जनताच तो दुसऱ्या खिशातून भरते. मग दान कोण कोणाला देते? ज्येष्ठ नागरिकांची सवलत, पुरुषांना 40 आणि स्त्रियांना 50 टक्के, मार्च 2020 मध्ये महामारीचे कारण सांगून बंद झाली. महामारी संपून वर्षे लोटली, संसदीय समितीनेही शिफारस केली, सवलत मात्र परत आलेली नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात गुडघा दाखविण्यास निघालेल्या मंठा तालुक्यातील सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला त्या 57 टक्क्यांच्या वाक्याचा कोणता उपयोग?

जालन्याच्या रुळांविषयी लिहिताना एक तारीख वगळता येत नाही. 8 मे 2020 च्या पहाटे बदनापूर आणि करमाड यांच्या दरम्यान, रुळांवर थकून झोपलेल्या 16 मजुरांना मालगाडीने चिरडले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करीत होते. घर मध्य प्रदेशात, टाळेबंदीत काम बंद, आणि भुसावळहून गाडी मिळेल या आशेने ते पायी निघाले होते. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या देशाने पाहिल्या. जालन्याची सळई ज्यांच्या घामावर तयार होते त्यांना त्या दिवशी कोणत्याच वर्गाची जागा नव्हती. साडेतीन वर्षांनी त्याच रुळांवरून, साधारण पहाटेच्या त्याच सुमारास, वंदे भारत धावू लागली.

ऑगस्ट 2025 मध्ये ती गाडी नांदेडपर्यंत गेली. डबे 20 झाले, आसने 1440. जालन्याहून पहाटे पाचच्या सुमारास निघून बाराच्या आत मुंबईत पोहोचविणारी गाडी आता नांदेडहून पहाटे पाचला सुटते आणि मुंबईला दुपारी अडीचच्या सुमारास पोहोचते. मंत्रालयातले काम त्याच दिवशी होण्याची जालनेकरांची सोय त्यामुळे गेली. वरच्या वर्गाची तक्रार म्हणून ती सोडून देता येईल. पण गाडीच्या वेळा ठरविताना जिल्ह्यातील कोणाला विचारले जाते, हा प्रश्न सर्व वर्गांचा आहे.

निजामाच्या काळात घातलेला हा मनमाड-सिकंदराबाद मार्ग मीटरगेज होता. मुंबईला जाणाऱ्याला मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने वर्षानुवर्षे लावून धरले म्हणून 1990 च्या दशकात तो रुंद झाला. आता 31 जुलै 2025 रोजी संभाजीनगर ते परभणी या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. दुसरा रूळ पडला की मार्गावर नव्या गाड्यांना जागा होईल, आणि ती जागा कोणत्या डब्यांनी भरावयाची याचे निर्णय काम पूर्ण होण्याच्या आधीच कागदावर होतील. जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी तोपर्यंत स्वस्थ बसू नये. परतूर, बदनापूर आणि जालन्याच्या स्थानकांवर अनारक्षित तिकिटे रोज किती विकली जातात, त्या प्रवाशांसाठी किती आसने येतात, आणि एकेरी मार्गावर त्यांच्या गाड्या कोणासाठी किती वेळ थांबविल्या जातात, याची माहिती अधिकाराखाली मागणी नांदेडच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे आताच करावी. पासधारकांच्या सह्या सोबत असाव्यात. पहिली मागणी दिवसा धावणाऱ्या, लहान स्थानकांवर थांबणाऱ्या आणि गादीच्या आसनांच्या अनारक्षित गाडीची असावी. दुसऱ्या वंदे भारतचे निवेदन घेऊन जाण्यास व्यापारी महासंघ समर्थ आहे.