जुने लोखंड, नवा पत्रा

मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. या वर्गातील शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती. तिची वीस वर्षांची मुदत संपली, एवढेच त्याचे कारण. त्या निमित्ताने जी हळहळ व्यक्त झाली ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण अशा हळहळीच्या आडून एक विधान नेहमी येते: जुन्या गाड्या भक्कम होत्या, आताच्या म्हणजे निव्वळ पत्र्याचे डबे. स्मरणरंजन जेव्हा मूल्यनिर्णयाचा आव आणते, तेव्हा ते तपासणे साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नसावे.

या भक्कमपणाची परीक्षा अमेरिकेत झालेली आहे. २००९ मध्ये तेथील महामार्ग-सुरक्षेचे काम करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरले मालिबू ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकवल्या. जुन्या गाडीत चुरगळले ते चालकाचे दालन. नव्या गाडीत चुरगळले ते तिचे नाक. पहिल्या गाडीतील चालक वाचला नसता, दुसऱ्यातील चालकाच्या पायाला किरकोळ इजा झाली असती, असा निष्कर्ष निघाला. धडकेची ऊर्जा कुठेतरी जिरावीच लागते. गाडीत जिरली नाही, तर ती माणसात जिरते. ज्याला आपण पत्र्याचा दुबळेपणा म्हणून हिणवतो, तो पुष्कळदा हेतुपुरस्सर योजलेला मऊपणा असतो.

हवेचीही गोष्ट तीच. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. तोवर त्या लाडक्या गाड्यांच्या धुरातून शिसे मुलांच्या श्वासात जात होते. आठवणींत पेट्रोलचा वास उरतो, शिसे उरत नाही.

मग हळहळीत सत्य काहीच नाही काय? आहे, पण ते भलत्या ठिकाणी शोधले जाते. पद्मिनीचे बॉनेट उघडले की आतले सारे डोळ्यांना वाचता येई. कार्बोरेटर साफ करणे, प्लग पुसणे, पॉइंट घासणे ही कामे नाक्यावरचा मेकॅनिक करी, आणि हौशी मालकही शिकून घेई. आजच्या गाडीतला बिघड संगणकाला आधी कळतो. तो वाचायला स्कॅनर लागतो आणि पुष्कळदा कंपनीची मेहेरबानीही. वस्तू आपल्या मालकीची, पण तिची भाषा दुसऱ्याच्या ताब्यात, ही तक्रार खरी आहे. मात्र ती मांडण्यासाठी जुन्या लोखंडाला सोने म्हणण्याची गरज नाही.

उलट नव्याला आपोआप चांगले मानणेही तितकेच भाबडे. २०१४ च्या आरंभी ग्लोबल एनकॅपने भारतातील पाच लोकप्रिय लहान गाड्यांची धडक-चाचणी घेतली, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्या गाड्या जुन्या नव्हत्या. त्या स्वस्तात विकायच्या होत्या आणि कायदा गप्प होता. पुढे नियम कडक झाले, ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही स्वदेशी मानांकनपद्धती आली. म्हणजे सुधारणा काळ देत नाही. ती मागावी लागते. दुरुस्तीच्या हक्काचेही तसेच आहे: अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये तो मतपेटीतून मागितला.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते-अपघातांत दीड लाखाहून अधिक माणसे गेली. हा आकडा समोर असताना ‘तेव्हाच्या गाड्या काय मजबूत होत्या’ हे वाक्य निरुपद्रवी राहत नाही. सुरक्षिततेची मागणी ते हळूच थट्टेवारी नेते. नवी गाडी अधिक चांगली आहे, असेच आमचे मत. ती आपल्याला वाचवते. आता ती आपल्याला वाचताही यावी, एवढेच मागणे उरते. आणि हे मागणे पद्मिनीच्या आठवणीकडे नव्हे, आजच्या कारखानदारांकडे आणि कायदा करणाऱ्यांकडे करायचे आहे.