चोवीस फ्लॅट, पाच सह्या

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. गावाचं आणि माणसाचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. ज्यांना कळेल त्यांना कळेलच.

आमची बिल्डिंग २४ फ्लॅटची. खाली पार्किंग, वर चार मजले, लिफ्ट नाही. तालुक्याच्या गावात असते तशीच. नऊ वर्षं एकच चेअरमन. समितीची मुदत कायद्याने पाच वर्षांची, पण दुसऱ्यांदा निवडणूक झाल्याचं कुणालाच आठवत नाही. "कोण करणार ही कटकट? नानाच करतात, करू दे." असं म्हणत म्हणत नऊ वर्षं झाली. यात मीही आलो.

नाना (आपण नानाच म्हणू) वाईट माणूस आहे असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येत नाही. बोअरची मोटर रात्री दोनला जळाली तर लुंगीवर खाली उतरणारा माणूस तोच. पण त्या एका रात्रीचं भाडं तो पुढची सहा वर्षं वसूल करतो. ग्रुपवर फक्त त्यालाच लिहिता येतं. कुणाची गाडी कुठे लागणार हे तो ठरवतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याची गाडी महिनाभरात खांबाआड जाते. भाडेकरू ठेवला तर महिन्याला १५०० रुपये जास्तीचे. आता हा हिशोब बघा. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आमचा महिन्याचा मेंटेनन्स आठशे, म्हणजे फार तर ऐंशी रुपये. चार फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत, चौघांचेही मालक पुण्यात. फोनवर भांडण्यापेक्षा १५०० दिलेले परवडले, असा त्यांचा हिशोब.

खरी चावी मात्र 'एनओसी'. नमुना उपविधींप्रमाणे फ्लॅट विकायला सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची सक्ती नाही. पण घेणाऱ्याची बँक दाखला मागते, आणि लेटरहेड नानांच्या कपाटात. ज्याला कधी ना कधी फ्लॅट विकायचा आहे तो नानांशी वाकड्यात जात नाही. आणि कधी ना कधी सगळ्यांनाच विकायचा असतो.

गेल्या वर्षी रंगाचं काम निघालं. प्रत्येकी ११ हजार, म्हणजे २ लाख ६४ हजार रुपये. तिसऱ्या मजल्यावर झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई राहतात, एकट्याच. मीटिंगमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, "कोटेशन किती मागवली होती?" नाना म्हणाले, "बाई, शाळा सुटली तुमची. आता आम्हाला नका शिकवू." लोक हसले. मी हसलो नाही, पण मान खाली घालून मोबाईल बघत बसलो. फरक असलाच तर तेवढाच.

बाईंनी लेखी कळवलं, हिशोब दाखवा, त्याच दिवशी पैसे देते. हिशोब आला नाही. नोटीस आली, व्याजासकट. मग मे महिन्यात एका सकाळी त्यांच्या फ्लॅटचा गच्चीवरचा वॉल बंद. चार दिवस. अडुसष्ट वर्षांची बाई खालच्या नळावरून बादलीने पाणी नेत होती. मी दोन कळशा वर नेऊन दिल्या आणि स्वतःला चांगला शेजारी समजलो.

थकबाकी वसूल करायचा रस्ता कायद्यात आहे. सोसायटीने निबंधकाकडे अर्ज करायचा, वसुली दाखला घ्यायचा. २०१९ च्या दुरुस्तीत गृहनिर्माण संस्थांसाठी सहकार कायद्यात वेगळं प्रकरणच घातलंय, त्यातही हाच रस्ता आहे. चेअरमनने गच्चीवर जाऊन वॉल फिरवायचा, असं कुठेही लिहिलेलं नाही. हे मला त्या चार दिवसांतही माहीत होतं. सहकार कव्हर करतो मी. पतसंस्था बुडाली की संचालकांच्या नावासकट बातमी लावतो.

मग गप्प का बसलो? लाज वाटते, तरी सांगतो. तालुक्याच्या पत्रकाराचं पोट मानधनावर भरत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर भरतं. दिवाळी अंकाला नानांच्या दुकानाची अर्ध्या पानाची जाहिरात असते, वाढदिवसाची वेगळी. तेवढ्यावर मी चार दिवस बाईंचा जिना बघत बसलो.

पाचव्या दिवशी वॉल उघडला, का ते नानांनाच ठाऊक. संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या. तक्रार नाही, रडणं नाही. हातात वही. म्हणाल्या, "तुम्हाला कायदा माहीत आहे. मला फक्त अर्ज कसा लिहायचा ते सांगा."

बरेच जण इथेच चुकतात, म्हणून सांगतो. पहिला मोह होतो माहिती अधिकाराचा. पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात स्पष्ट केलंय की सहकारी संस्था सरसकट 'सार्वजनिक प्राधिकरण' होत नाही. सोसायटीला थेट अर्ज टाकून उपयोग नाही. निबंधकाकडे जे कागद असतात ते मात्र तिथून मागता येतात. आणि सभासद म्हणून ताळेबंद, सभेचं इतिवृत्त, स्वतःच्या खात्याचा उतारा बघण्याचा हक्क तसाही आहेच. लेखी मागा, पोच घ्या. पोच दिली नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

दुसरं म्हणजे विशेष सर्वसाधारण सभा. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागितली तर समितीला महिन्याभरात ती बोलवावीच लागते. चोवीसचा एक पंचमांश म्हणजे पाच सह्या.

या पाच सह्यांना तीन आठवडे लागले. एकाने सांगितलं, मुलीचं लग्न होऊ द्या. दुसऱ्याचं म्हणणं, मी आहेच हो तुमच्याबरोबर, पण सही नको. एका काकूंनी सही केली आणि रात्री नवऱ्याने येऊन खोडायला लावली. चौथी सही भाडेकरूवाल्या मालकाची, तो पुण्याहून आला तेव्हा. ऐंशी आणि पंधराशेचा हिशोब कागदावर मांडून दाखवल्यावर. पाचवी माझी. पहिली असायला हवी होती.

एआर ऑफिसबद्दल फार बोलत नाही. पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था यांच्या ढिगाऱ्यात २४ फ्लॅटची फाईल तळाला जाते. चार खेपा झाल्या. पण अर्जावर शिक्का पडला आणि त्याची प्रत नानांना गेली, हेच पुष्कळ झालं.

सभा झाली. सिनेमात होतं तसं काही झालं नाही. नाना आजही चेअरमन आहेत. रंगाचं कोटेशन एकच निघालं, त्यांच्या मेव्हण्याचं. त्यावर दीड तास आरडाओरड झाली, आणि ऑडिट पॅनेलवरच्या बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचं ठरलं. बिनभोगवटा शुल्क ऐंशीवर आलं. निवडणूक घ्यायचा ठराव झाला, तारीख मात्र ठरलेली नाही. कोटेशनचा कागद हातात पडला त्याच दिवशी बाईंनी ११ हजारांचा चेक दिला, व्याज वगळून. समितीने तो घेतला. गच्चीच्या दाराला आता दोन कुलपं आहेत. एक किल्ली वॉचमनकडे, दुसरी तिसऱ्या मजल्यावर.

जिन्यात नाना भेटले की मी नमस्कार करतो. ते मोबाईल काढतात. यंदा दिवाळी अंकाला त्यांची जाहिरात नाही. अर्धं पान रिकामं आहे, कुणाला द्यायची असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.