बिऱ्हाड न मोडतां घराची डागडुजी

गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं एका पत्रानें आम्हांस विशेष विचारांत पाडिलें. एक वाचक भगिनी लिहितात कीं, त्यांच्या दिवंगत वडिलांनीं आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत आपल्या घराण्याचा वृत्तांत संगणकावर टंकलिखित करून ठेविला आहे. ज्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्यें तो लिहिला, त्याची तबकडी आतां सांपडत नाहीं आणि विकणारें दुकानही उरलें नाहीं. संगणकावर विंडोज १० आहे. ती बदलून विंडोज ११ घालावी असा चिरंजीवांचा आग्रह. दुरुस्तीवाले गृहस्थ तर 'फॉरमॅट मारून तासाभरांत नवी टाकून देतों' असें सांगून गेले आहेत. बाई विचारतात, हें करावें काय?

बदल अवश्य करावा, मात्र त्या गृहस्थांस तूर्त चहा देऊन परत पाठवावें, असें आमचें मत आहे.

चिरंजीवांचें म्हणणें रास्त आहे. २०१५ सालीं निघालेल्या विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. घरगुती वापर करणाऱ्यांस मायक्रोसॉफ्टनें सुरक्षेच्या दुरुस्त्यांपुरती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत देऊं केली. परंतु ती कांहीं कायमची सोय नव्हे. ज्या प्रणालीचीं भोंकें कोणी बुजवीत नाहीं, तिच्यावरून बँकेचे व्यवहार करणें शहाणपणाचें नाहीं.

आतां फॉरमॅटविषयीं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, सॉफ्टवेअर म्हणजे एक फाइल; ती पेन ड्राइव्हवर उतरून घेतली कीं पुन्हां ठेवतां येते. वस्तुस्थिति निराळी आहे. सॉफ्टवेअर संगणकांत शिरतें तेव्हां त्याचा मुख्य भाग एका ठिकाणीं जातो, इतरांशीं सामाईक असलेले भाग दुसरीकडे, अक्षरांचे फाँट तिसरीकडे. आणि या साऱ्याची नोंद 'रजिस्ट्री' नांवाच्या वहींत होते. फॉरमॅटनें ही वहीच नाहींशी होते. लेख वांचले तरी ते वाचतां येतीलच असें नाहीं. युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे आकार बसविलेले असत. फाँट गेला कीं मागें निरर्थक इंग्रजी अक्षरें उरतात. आमच्या कचेरींत २०२० च्या आरंभीं, विंडोज ७ चा आधार संपला तेव्हां, हेंच घडलें. सात वरून दहावर सरळ जाण्याचा मार्ग खुला असतांना आम्हीं फॉरमॅटला संमति दिली, आणि जुन्या अंकांच्या सूच्या अशा अगम्य लिपींत उघडल्या कीं त्या पुन्हां हातानें लिहून काढाव्या लागल्या. तो दोष सर्वस्वीं आमचाच होता.

विंडोज १० वरून ११ वर जातांना सॉफ्टवेअर जागच्या जागीं राहूं शकतें. (पूर्वीं ही सोय नेहमींच नसे, २००९ सालीं एक्सपीवरून थेट विंडोज ७ वर येणारांस सर्व सॉफ्टवेअर नव्यानें घालावें लागे.) प्रथम यंत्र पात्र आहे कीं नाहीं तें मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक' या साधनानें पाहावें. टीपीएम २.० व सिक्युअर बूट हवें, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा. टीपीएम पुष्कळदां यंत्रांत असतें, पण बायॉसमध्यें बंद ठेविलेलें असतें. चालू विंडोज ३२ बिट असेल तर मात्र हा मार्ग खुंटला, कारण ११ ही केवळ ६४ बिट आहे. अपात्र यंत्रावर युक्तीनें ती घालणारेही आहेत. आम्ही तो सल्ला देणार नाहीं. त्यापेक्षां जुनें यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ त्या लेखासाठीं ठेवावें.

त्यानंतर, आणि हें काम आजच करावें, तो वृत्तांत जुन्या सॉफ्टवेअरमध्यें उघडून त्याची पीडीएफ करावी व एक प्रत कागदावर छापून घ्यावी. पीडीएफमध्यें अक्षरांचे आकार सोबत बांधले जात असल्यामुळें फाँट नसला तरी मजकूर दिसतो. मूळ फाइली व फाँट बाहेरच्या डिस्कवर उतरावे. बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी.

प्रत्यक्ष कामांत एकच गोष्ट संभाळावयाची. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करूं नये. त्या वाटेनें सॉफ्टवेअर राखण्याचा पर्यायच मिळत नाहीं. नेहमींची विंडोज चालू असतांनाच मायक्रोसॉफ्टचा 'इन्स्टॉलेशन असिस्टंट' किंवा उतरवून घेतलेल्या आयएसओमधील सेटअप चालवावा. सेटअप विचारील तेथें 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' हेंच निवडावें. तो पर्याय पुसट दिसून निवडतां येत नसेल तर तेथेंच थांबावें. बहुधा भाषा जुळत नसते: चालू विंडोज अमेरिकन इंग्रजींत आणि उतरविलेली ब्रिटिश इंग्रजींत, एवढ्यानेंही तो बंद होतो. लॅपटॉप विजेला जोडलेला असावा. पावसाळ्याच्या दिवसांत विजेचा भरंवसा कोणी धरावा!

काम आटोपल्यावर जुनी विंडोज एका बाजूस ठेविलेली असते, आणि दहा दिवसांपर्यंत 'गो बॅक' करून तिच्याकडे परततां येतें. म्हणून डिस्क रिकामी करण्याची घाई करूं नये. बाईंनीं दुसऱ्याच दिवशीं तें जुनें सॉफ्टवेअर उघडावें, एखादें पान छापून पाहावें, जोडाक्षरें व रफार जागच्या जागीं आहेत ना तें चिरंजीवांकडून मूळ छापील प्रतीशीं ताडून घ्यावें, आणि दहा दिवस उलटण्यापूर्वीं आम्हांस दोन ओळी लिहाव्या.