मुलींच्या सायकलीला रविवार का नाही?

मानव विकास कार्यक्रमात राज्यातले 125 मागास तालुके आहेत. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलेही बरेच तालुके त्यात येतात. आठवी ते बारावीच्या गरजू मुलीचं घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असेल, तर तिला सायकलीसाठी पैसे मिळतात. आधी 3,500 रुपये मिळायचे, 2022 मध्ये ते 5,000 झाले. त्याहून लांबच्या मुलींसाठी मानव विकासची निळी बस आहे.

योजना चांगली आहे. माझं भांडण योजनेशी नाही, सायकल घरी आल्यावर जे होतं त्याच्याशी आहे. शाळा सुटली की सायकल भावाच्या ताब्यात जाते. तो तिच्यावर दूध आणायला जातो, क्रिकेट खेळायला जातो, रविवारी दोस्तांबरोबर तलावावर जातो. पावती बहिणीच्या नावाची आणि फिरणं भावाचं! मुलगी सायकलीवर दिसते ती फक्त दप्तर पाठीवर असताना. दप्तर नसेल तर पहिला प्रश्न ठरलेला: "कुठं निघाली?"

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोन-तीन शिक्षिकांनी नववी-दहावीच्या मुलींची एक दिवसाची सायकल सहल मांडली होती. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडेही याहून वेगळं झालं नसतं. दहा किलोमीटर जायचं, तलावाच्या काठी डबा खायचा, वाटेत एक जिनिंग बघायचं आणि असर व्हायच्या आत घरी. खर्च जवळपास शून्य. तरी सहल झाली नाही. त्याच महिन्यात मुलांची सहल एसटीने लांबच्या किल्ल्यावर गेली, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही.

नकाराची जी कारणं सांगितली गेली, ती एकेक करून बघू.

पहिलं कारण, रस्ता. हे कारण खोटं नाही. तुळजापूर–नागपूर महामार्ग उमरखेड, महागाव, आर्णी करत यवतमाळला येतो. त्यावर ट्रक कसे धावतात ते आपण रोज बघतो. पण त्या रस्त्यावर पोरींना न्या असं म्हणतंय कोण? आपल्याकडे पांदण रस्ते आहेत. दिवाळीनंतर चिखल वाळला की त्यावर बैलबंडी आणि ट्रॅक्टरशिवाय दुसरं काही भेटत नाही. आणि रस्त्याची एवढीच काळजी असेल तर तीच मुलगी रोज शाळेत कुठल्या रस्त्याने येते, हेही कधी विचारा. एकटी येते तेव्हा चालतं. पंचवीस जणी, सोबत चार शिक्षिका आणि दोन आया, तेव्हा मात्र धोका!

दुसरं कारण, इज्जत. नोव्हेंबर-डिसेंबरात याच मुली रविवारी कापूस वेचायला जातात. एका ऑटोत दहा-बारा बाया-पोरी कोंबून जातात, अंधार पडल्यावर परत येतात. आर्णीला बाबा कंबलपोश यांच्या उर्सला टेम्पोत दाटीवाटीने जातात. तेव्हा इज्जतीचा प्रश्न कुणी काढत नाही, कारण एका ठिकाणी मजुरी मिळते आणि दुसऱ्या ठिकाणी सगळं घर सोबत असतं. म्हणजे मुलीच्या बाहेर पडण्याला कुणाची हरकत नाहीच. हरकत आहे ती तिच्या आनंदाने बाहेर पडण्याला. कामाला जाणारी पोर शहाणी आणि हवा खायला जाणारी बिघडलेली, असा हा हिशोब आहे. तो दीन नाही, रिवाज आहे.

तिसरं कारण दीनचंच सांगितलं गेलं, म्हणून त्यावर जरा थांबून बोलते. बाई मेहरमशिवाय सफर करू शकत नाही, असं एका पालकाने बजावलं. ठीक आहे, फिक्हचीच भाषा बोलू. आपल्या भागातल्या बहुतेक मशिदींत हनफी मसलक चालतो. त्यात सफर साधारण 48 मैलांपासून, म्हणजे 77 किलोमीटरच्या आसपास धरतात. तेवढं लांब गेलं की नमाज कसर होते आणि मेहरमची अटही मुख्यतः त्याच सफरीसाठी सांगितली जाते. आमची फेरी जाऊन-येऊन वीस किलोमीटरची. वीस किलोमीटर जाऊन कसर नमाज पढणारा एक तरी माणूस मोहल्ल्यात दाखवा. स्वतःच्या नमाजेसाठी जो सफर नाही, तो पोरींच्या सायकलीसाठी अचानक सफर कसा होतो?

आणि रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती, ती आपण का विसरतो? अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात ती नोंदलेली आहे. पहिल्या शर्यतीत हजरत आयेशा जिंकल्या होत्या. उंटावर बसणाऱ्या कुरैशच्या बायकांची तारीफ बुखारीत आहे. जमिनीवर हिंडून बघण्याचा हुकूम कुरआनात कितीतरी ठिकाणी आहे. तो फक्त मुलग्यांसाठी आहे, असं कुठे लिहिलंय?

जिथल्या रिवाजाचा दाखला आपल्याकडे उठसूट दिला जातो, त्या सौदीतही 2013 मध्ये बायकांना सायकल चालवायची मुभा मिळाली. तेव्हा अटी होत्या, पण दार उघडलं. त्याच्या आदल्याच वर्षी हैफा अल-मन्सूर या सौदी दिग्दर्शिकेचा 'वजदा' आला होता. सायकलीसाठी हट्ट धरणाऱ्या मुलीचा सिनेमा. मग रियाधच्या पुढे जाऊन बंदी घालायची आपल्याला काय घाई आहे?

हा प्रश्न फक्त आमच्या मोहल्ल्याचा आहे असं समजून कुणी मान हलवत असेल, तर त्यांनीही थांबावं. नकार देणाऱ्या पालकांत कुणबी होते, बंजारा होते, बौद्ध होते आणि मुसलमानही होते. शब्द वेगळे, कारण एकच. कुठे "लोग क्या कहेंगे", कुठे "उद्या लग्न जमवायचंय". सरकारी कारभाराचीही गंमत बघा. जागतिक सायकल दिन 3 जूनला. त्या दिवशी विदर्भातल्या शाळा उन्हाळी सुट्टीत. रॅली निघते, साहेब लोक टोप्या घालून फोटो काढतात आणि जिच्या नावावर सायकल आहे ती पोर घरी भांडी घासत असते.

सायकल काय करू शकते हे आपल्याच देशाने दाखवलं आहे. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरता मोहिमेला सायकल जोडली. खेड्यापाड्यांतल्या लाखाच्या घरात बायका सायकल शिकल्या. त्यात मुसलमान तरुणीही होत्या. टवाळी झाली, पण बायका उतरल्या नाहीत. बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत वेळेवर दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलेलं आणि मुलगा-मुलगी दरी 40 टक्क्यांनी कमी झालेली दिसली.

मग शाळेपर्यंत सायकल पुरे की, सहल कशाला? कारण दहावीनंतर कॉलेज तालुक्याला असतं आणि तिथेच आमच्या मुली गळतात. गुण असतात, फॉर्मही भरलेला असतो, पण "एवढ्या लांब रोज कशी जाईल" या एका वाक्यावर शिक्षण थांबतं. ज्या मुलीने मैत्रिणींबरोबर वीस किलोमीटर सायकल मारली, वाटेत उतरलेली चेन स्वतः बसवली, चुकलेली पांदण कुणाला तरी विचारून परत शोधली, ती या वाक्याला उत्तर देऊ शकते. तिचा बापही देऊ शकतो, कारण त्याने तिला धडधाकट परत आलेलं बघितलेलं असतं. इयत्ता दहावीच्या कुठल्याच पुस्तकात हा धडा नाही.

म्हणून मागणी साधी आहे. या हिवाळ्यात प्रत्येक माध्यमिक शाळेने, उर्दू असो की मराठी, मुलींचा एक सायकल-रविवार ठरवावा. वेचणीची मजुरी बुडते म्हणणाऱ्या घरासाठी शनिवारची अर्धी शाळा वापरा. ज्या पालकांना काळजी आहे त्यांनी सोबत यावं, अम्मींनी आधी यावं. मशीद कमिटीने जुम्याला दोन वाक्यं सांगितली तर अर्धा विरोध तिथेच संपेल. ग्रामपंचायतीने ती एक पांदण तेवढी मुरूम टाकून सरळ करावी. आणि भावांनी शनिवारी रात्री सायकल पुसून, हवा भरून बहिणीच्या हवाली करावी. तिचीच आहे ती.